गवताखाली झाकलेली भांडणे : चर्च, जात आणि निवाडा

चांदा जिल्ह्यात ख्रिस्ती माणूस संख्येने कधीच मोठा नव्हता. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चांद्यात येऊन दीक्षा दिली आणि इथल्या अस्पृश्य समाजाच्या मोठ्या भागाचा रस्ता ठरून गेला. त्यानंतर आपल्या अभ्यासकांनी इथल्या ख्रिस्ती मंडळींकडे वळून पाहिले नाही. मूठभर लोक, गोऱ्या पाद्र्यांचा धर्म, आपला त्याच्याशी काय संबंध, अशी एकूण वृत्ती. वास्तविक संबंध फार जवळचा आहे. जात सोडण्यासाठी धर्म सोडणे हा प्रयोग या देशात आपण प्रथम केलेला नाही. आपल्या आधी निदान शंभर वर्षे तो ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांनी केला. धर्मांतराच्या दिवशीचा उत्साह सर्वांनाच दिसतो. खरी परीक्षा पुढे असते. कालपर्यंत एकमेकांच्या हातचे पाणी न पिणारे दोघे आज 'भाऊ' झाले, आणि त्या भावांत भांडण लागले, म्हणजे निवाडा कोण करतो? कोणाच्या बाजूने करतो? आणि ज्याचा अपमान झाला त्याने तो कोणापुढे सांगायचा?

या प्रश्नासाठी आपला जिल्हा मोठा बोलका आहे. चांदा शहर आणि आसपासचा मुलूख स्कॉटिश एपिस्कोपल चर्चच्या मिशनकडे होता. त्या मिशनचे अलेक्स वुड यांनी १९०६ साली चांद्याच्या कामावर पुस्तक प्रसिद्ध केले आणि पुढे १९२६ ते १९३६ या काळात ते नागपूरचे बिशप होते. दक्षिणेला, जिथे प्राणहिता गोदावरीला मिळते त्या तेलुगू बोलणाऱ्या सिरोंच्यात, अमेरिकन मेथडिस्टांचे मिशन बसले. वर्धा, भंडारा, नागपूर स्कॉटलंडच्याच पण दुसऱ्या, प्रेसबिटेरियन चर्चकडे. गोदावरी उतरून पलीकडे तेलुगू मुलखात गेले की डोर्नकलचा अँग्लिकन धर्मप्रांत. १९६२ साली रोमन सत्तेने चांदा हा भाग लॅटिन धर्मप्रांतांतून तोडून केरळच्या सिरो-मलबार पंथाच्या साधूंकडे दिला. त्याचे मुख्य ठाणे बल्लारपूर झाले आणि १९७७ मध्ये तो पूर्ण धर्मप्रांत बनला. ऑगस्ट १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा जिल्हा होण्याच्या कितीतरी आधी या जंगलाची वाटणी ख्रिस्ती पुढाऱ्यांनी आपसांत करून टाकली होती.

ही वाटणी म्हणजेच भांडण मिटवण्याची एक रीत होती. प्रोटेस्टंट मिशनांनी आपसांत ठरवले की, एकाच्या हद्दीत दुसऱ्याने शिरायचे नाही. कारण उघड होते. एका मंडळीत कोणाचे बिनसले, पाळकाने कोणाला प्रभुभोजनापासून दूर ठेवले, की तो माणूस आपले कुटुंब घेऊन दुसऱ्या मिशनच्या दारात उभा राही आणि ते मिशन त्याला आनंदाने घेई. मिशनांना हा बेशिस्तपणा वाटे. मला त्यात बेशिस्तीपेक्षा दुसरेच काही दिसते. ज्याच्यापाशी ना जमीन, ना मत, ना पंचायतीत जागा, त्याच्यापाशी निघून जाण्याचा एवढा एकच अर्ज शिल्लक होता. हद्दी आखून तोही काढून घेतला गेला. हद्दी आखताना एकाही महाराला, मांगाला, मालाला किंवा मादिगाला कोणी विचारले नाही.

ख्रिस्ती शास्त्रात भांडण मिटवण्याचे नियम नाहीत असे नाही. उलट ते फार स्वच्छ आहेत. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायात येशूने पायऱ्याच सांगितल्या आहेत. भावाने तुझा अपराध केला तर आधी त्याला एकांतात गाठून सांग. ऐकले नाही तर एकदोन साक्षीदार घे. तरी ऐकले नाही तर मंडळीला सांग. मंडळीचेही ऐकले नाही तर तो बाहेरचा समज. बोलण्याचा हक्क इथे दुखावलेल्या माणसाकडे आहे, आणि शेवटचा निवाडा पाद्र्याकडे नसून मंडळीकडे आहे. प्रेषितांच्या कृत्यांत तर याहून जवळची गोष्ट आहे. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जाते अशी कुरकुर उठली. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना गप्प बसवले नाही. त्यांनी वाटपाचे कामच मंडळीने निवडलेल्या सात जणांच्या हाती दिले, आणि त्या सातांची नावे पाहिली तर ती सगळी ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार त्यांच्याच हाती किल्ली! आपल्याकडे एखाद्या संस्थेने असे केल्याचे उदाहरण शोधायला दिवा घेऊन हिंडावे लागेल.

आणि मग अंत्युखियातला तो प्रसिद्ध प्रसंग. पेत्र यहूदीतर ख्रिस्त्यांच्या पंक्तीला बसत असे. यरुशलेमहून काही सोवळे यहूदी आले तसा तो पंक्तीतून उठला. त्याच्यामागोमाग इतरही उठले, बर्णबासुद्धा. पौलाने त्याला एकांतात नेले नाही. सर्वांच्या देखत तोंडावर अडवले आणि ती हकिगत गलतीकरांस पाठवलेल्या पत्रात लिहून ठेवली. पंक्तिभेद हा खाजगी रुसव्याचा विषय नव्हे, तो चारचौघांत झालेला अपराध आहे आणि त्याचा जाबही चारचौघांतच मागायचा, हे पौलाला कळले होते. ज्या धर्माच्या मूळ ग्रंथात पंक्तीवरून एवढा तंटा नोंदलेला आहे त्या धर्माचे पुढारी हिंदुस्थानात पंक्तिभेदापुढे इतके मवाळ का झाले, हा खरा इतिहासाचा प्रश्न आहे.

कॅथलिकांचे पाहा. मदुरेच्या मिशनमध्ये उच्च जातींसाठी वेगळे आणि परैयांसाठी वेगळे धर्मगुरू असत. अठराव्या शतकाच्या आरंभी पोपचा वकील तूर्नो याने हुकूम काढला की, धर्मगुरूंनी आजारी परैयाच्या घरात जाऊन संस्कार दिलेच पाहिजेत. चाळीस वर्षे वाद चालला. १७४४ साली रोमहून शेवटचा निवाडा झाला, आणि त्याबरोबर परैयांसाठी स्वतंत्र धर्मगुरू नेमण्याची तडजोडही पत्करली गेली. म्हणजे विटाळाचा झगडा विटाळ मोडून मिटला नाही, दोन दारे करून मिटला.

प्रोटेस्टंटांत कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ मध्ये वेगळा मार्ग धरला. जातिभेद मंडळीतून ताबडतोब, पुरता आणि कायमचा गेला पाहिजे, सर्वांनी एकत्र बसावे, प्रभुभोजन एकत्र घ्यावे, असे त्यांनी मद्रासकडच्या मंडळ्यांना कळवले. तंजावर आणि वेपेरी इथल्या वेल्लाळ ख्रिस्त्यांनी बंड केले आणि शेकडो लोक बाहेर पडले. विल्सन मागे हटले नाहीत, एवढे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु पुढे जर्मनीहून आलेल्या लाइप्झिग मिशनने जातीबाबत सैल धोरण ठेवले आणि बाहेर पडलेल्यांपैकी अनेकांना तिथे आश्रय मिळाला. गरीब परैयाला हद्दीचा नियम, वेल्लाळाला मात्र उघडे दार!

आपल्या महाराष्ट्रात झगडा इतका उघड पेटला नाही, याचे कारण जात नव्हती असे नाही. अमेरिकन मराठी मिशनची अहमदनगरची मंडळी १८३३ साली स्थापन झाली आणि तिचा कणा पुढे महार समाजाचाच राहिला. परंतु ख्रिस्ती मराठी वाङ्मयात ज्यांची नावे आपण ऐकतो ते बहुतेक ब्राह्मण आणि वरच्या जातींतून आलेले. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त आपले सोवळे, वेगळे पाणी, वेगळी चूल आणि हळूहळू सुटलेली जात हे सारे निर्मळपणे सांगितले आहे. त्या प्रांजळपणाबद्दल मला आदर आहे. पण ज्यांच्या हातचे पाणी त्या घेत नव्हत्या त्या महार-मांग ख्रिस्ती बायांना काय वाटत होते? त्यांची 'स्मृतिचित्रे' कोणी लिहून घेतली? त्याच नगरच्या मिशनच्या 'ज्ञानोदया'ने १८५५ साली मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध छापला होता. तिचा सवाल हिंदू समाजाला होता, म्हणून तो छापला गेला. मंडळीच्या आतल्या सवालाला तशी जागा सहसा मिळाली नाही.

का मिळाली नाही, याचे उत्तर धर्मशास्त्रात नाही, पगाराच्या वहीत आहे. मिशनच्या मंडळीत शाळामास्तर मिशनचा, बायबलवाली बाई मिशनची, राहायचे घर मिशनचे, मुलाचे वसतिगृह मिशनचे आणि मेल्यावर पुरायची जागासुद्धा मिशनची. तंट्याचा निवाडा करणारा पाळक किंवा मिशनरी हाच मालक किंवा मालकाचा नोकर. अशा ठिकाणी 'भावाला क्षमा कर' हे वाक्य सर्वांना सारखे लागू होत नाही. ते खालच्याला हुकूम होते आणि वरच्याला सवलत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांसारखा नावाजलेला कवीही १९१७ मध्ये मिशनच्या नोकरीतून बाहेर पडला आणि 'देवाचा दरबार' मांडून बसला. टिळक बाहेर पडू शकले. खेड्यातला महार मास्तर कुठे बाहेर पडणार? करिंथच्या मंडळीला पौलाने बजावले होते की, भावाभावांचे तंटे बाहेरच्या न्यायाधीशांपुढे नेऊ नका. पौलाने ते लिहिले तेव्हा मंडळीपाशी ना जमीन होती ना तिजोरी. मालमत्ता आल्यावर तेच वचन तक्रारदाराच्या तोंडावरचा बोळा झाले.

गोदावरीपलीकडच्या डोर्नकलकडे मी मुद्दाम वळतो, कारण या इतिहासात तिथे काही वेगळे घडले. व्ही. एस. अझरिया हे डिसेंबर १९१२ मध्ये डोर्नकलचे बिशप झाले. अँग्लिकन चर्चमध्ये बिशप झालेला हा पहिला हिंदी माणूस, जातीने तिरुनेलवेलीचा नाडार, म्हणजे एका काळी ज्यांना देवळाबाहेर ठेवले जाई त्या समाजातला. त्यांच्या धर्मप्रांतातले बहुसंख्य लोक माला आणि मादिगा. आपल्याकडे महार आणि मांग यांच्यात जे अंतर, तेच तिथे या दोघांत. दोघांनाही सवर्ण शिवत नाहीत आणि दोघे एकमेकांना शिवत नाहीत. तेलुगू मुलखात मिशनांनी या अंतराचीही सोयीस्कर वाटणी केली होती. ओंगोलकडच्या अमेरिकन बॅप्टिस्टांकडे मुख्यत्वे मादिगा, कृष्णेकाठच्या अँग्लिकनांकडे मुख्यत्वे माला. १८७८ च्या जुलैमध्ये ओंगोलजवळ एका दिवसात २२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला तो बहुतांशी मादिगांचा. जात आणि मिशन एकच झाले म्हणजे भांडणाचा प्रश्नच उरत नाही. पण जातही तशीच उरते.

अझरिया यांच्या धर्मप्रांतात दोन्ही समाज एका छपराखाली आले. त्यांनी गावच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांवर शिस्तीचे काम सोपवले. आपल्याकडे गावकीच्या चावडीत ज्यांना बोलायची मुभा नव्हती ते लोक प्रथमच निवाड्याला बसले. ही गोष्ट लहान नाही. पण बिशप स्वतः फार कडक शिस्तीचे होते. मंडळीबाहेर ठेवण्याचे शस्त्र ते वापरत आणि आपल्या लोकांच्या जुन्या चालीरीतींवर त्यांचा रोख असे. सवर्ण जमीनदाराशी झुंजण्यापेक्षा ख्रिस्ती माणसाने आपल्या सुधारलेल्या वागणुकीने त्याला जिंकावे, ही त्यांची श्रद्धा होती. इथे त्यांचा आणि बाबासाहेबांचा रस्ता वेगळा होतो.

या दोघांच्या भेटीची एक आठवण अझरिया यांच्या चरित्रकारांनी नोंदवली आहे. येवल्याच्या घोषणेनंतरचा काळ. बाबासाहेबांनी बिशपांना विचारले की, आम्ही ख्रिस्ती झालो तर जिथे जाऊ तिथे एकाच चर्चमध्ये एकत्र राहू शकू काय, आणि जातीच्या विटाळापासून पुरते सुटू काय? बिशपांपाशी उत्तर नव्हते, आणि आपल्याला कधी वाटली नव्हती इतकी शरम तेव्हा वाटली, असे त्यांनी पुढे सांगितले. या दोन प्रश्नांत चर्चच्या सगळ्या भांडणांचे मूळ आले. पहिला प्रश्न मिशनांच्या हद्दींचा, दुसरा पंक्तीचा. चांद्याचा महार एपिस्कोपल होणार, सिरोंच्याचा मेथडिस्ट होणार, वर्ध्याचा प्रेसबिटेरियन होणार. मग आमचा समाज राहणार कुठे?

१९३८ च्या आरंभी सोलापूरच्या ख्रिस्ती मंडळींपुढे बोलताना बाबासाहेबांनी दुसरी बाजू मांडली. तुमच्यात शाळा आहेत, शिकलेली मुले-मुली आहेत. पण अन्यायाविरुद्ध जी चळवळ अशिक्षित अस्पृश्यांनी केली ती तुम्ही केली नाही. त्यांचे ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांवरचे दोन अपुरे इंग्रजी लेख पुढे १९८९ साली शासनाच्या ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात आले. सायमन कमिशनपुढे दक्षिणेतल्या अस्पृश्य ख्रिस्त्यांनी दिलेले गाऱ्हाणे तिथे त्यांनी नोंदले आहे. सार इतकेच की, धर्म बदलूनही आम्ही होतो तिथेच आहोत. हे गाऱ्हाणे चर्चच्या पुढाऱ्यांनी नेलेले नव्हते. पुढाऱ्यांना डावलून ते सरकारपुढे न्यावे लागले.

आता या झाकाझाकीची किंमत पाहू. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती बाहेर राहिले. मद्रासच्या सुसै नावाच्या आदिद्रविड ख्रिस्ती चर्मकाराला रस्त्यावरच्या चांभारांसाठी असलेला सरकारी गाळा या कारणाने नाकारला गेला. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८५ मध्ये न्यायालयाने सांगितले की, ख्रिस्ती समाजातही जातीचा जाच त्याच तीव्रतेने चालू आहे हे दाखवणारा पुरेसा पुरावा आमच्यापुढे नाही. पुरावा! दीडशे वर्षे मंडळीमंडळीत पंक्तीवरून, विहिरीवरून, बाकावरून, दफनभूमीच्या भिंतीवरून तंटे झाले. त्यातले किती पाळकाच्या खोलीत प्रार्थना करून मिटवले गेले, किती 'प्रभूच्या नावाला काळिमा नको' म्हणून वहीत उतरलेच नाहीत. त्या न लिहिलेल्या ओळी १९८५ मध्ये एका चांभाराच्या विरुद्ध उभ्या राहिल्या.

पुढेही तसेच. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची अट काढण्याची शिफारस केली, २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमला गेला. २०२५ मध्ये आंध्रच्या उच्च न्यायालयाने पाळक म्हणून काम करणाऱ्या माणसाला अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण नाकारले, कारण तो ख्रिस्ती आहे. बल्लारपूर-राजुऱ्याकडच्या कोळसा खाणींच्या वस्त्यांतून आमच्या कॉलेजात येणाऱ्या तेलुगू मुलांत मी हे पाहतो. दाखल्यावर एक धर्म, रविवारी दुसरा. अशा मुलाच्या बापाचा मंडळीत जातीवरून अपमान झाला तर तो कुठे सांगणार? पाळकाला सांगितले तर समेट, पोलिसाला सांगितले तर दाखला जाणार. त्याचे तोंड दोन्हीकडून शिवलेले आहे, आणि या शिवणकामात सरकार आणि चर्च दोघांचाही दोरा आहे.

एकीकरणाने हे सुटेल असे काहींना वाटले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात, ज्या शहरात चौदा वर्षांपूर्वी आपली दीक्षा झाली त्याच शहरात, सहा चर्चांनी मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केले. सिरोंच्याचे मिशन मेथडिस्टांच्या ज्या शाखेचे, ती ऐनवेळी बाहेर राहिली. म्हणजे बाबासाहेबांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर निदान आपल्या जिल्ह्यात तरी पुन्हा नाहीच. जे एक झाले त्यांच्यातले तंटेही संपले नाहीत. गुजरातेतल्या ब्रेदरन मंडळीच्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१३ मध्ये विलीनीकरण कायदेशीर झालेच नव्हते असा निकाल लागला. पौलाचे वचन इथे कोणी आडवे घातले नाही. जमिनीसाठी भाऊ भावाला सर्वोच्च न्यायालयात नेऊ शकतो. अपमानासाठी मात्र त्याने क्षमा करावी.

कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलितांविषयीचे धोरण जाहीर करताना चर्चच्या आत अस्पृश्यता पाळली जाते हे कबूल केले. २०२२ मध्ये हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले. त्याआधी, एप्रिल १९८१ मध्ये, बंगलोरच्या धर्मशास्त्र विद्यालयात आपल्या मराठी मुलखातल्या अरविंद निर्मळ यांनी शूद्रांच्या धर्मशास्त्राची मांडणी केली आणि दलित धर्मशास्त्राचा रस्ता खुला केला. बिशपांच्या कबुलीला त्यानंतर पस्तीस वर्षे लागली.

आता आपल्या घराकडे. भगवान बुद्धांच्या संघातही भांडणे झाली. कोसंबीला शौचाच्या भांड्यात पाणी उरवण्याएवढ्या क्षुल्लक गोष्टीवरून भिक्षूंचे दोन तट पडले. बुद्धांनी समजावले, त्यांनी ऐकले नाही, आणि ते एकटे पारिलेय्यकाच्या जंगलात निघून गेले. मग कोसंबीच्या उपासकांनी त्या भिक्षूंना वंदन करणे आणि भिक्षा घालणे बंद केले. तेव्हा कुठे दोन्ही तट श्रावस्तीला जाऊन नमले. निवाडा वरून झाला नाही, भात वाढणाऱ्यांनी केला.

विनयात तंटा शमवण्याचे सात मार्ग आहेत. त्यांतला एक, सम्मुखाविनय, म्हणजे जे ठरवायचे ते दोन्ही पक्ष समोर असताना. शेवटचा तिणवत्थारक, म्हणजे गवत पसरून झाकणे. दोन्ही बाजूंनी इतके बोलले-वागले गेले आहे की एकेक अपराध उकरला तर संघच मोडेल, अशा वेळी सर्वांवर गवत टाकावे. समेटाची ही मुभा बुद्धांनीही ठेवली आहे. पण तिला दोन अपवाद आहेत. गंभीर अपराध गवताखाली झाकता येत नाहीत, आणि गृहस्थांशी संबंधित अपराधही झाकता येत नाहीत. म्हणजे भिक्षूने साध्या उपासकाचा अपमान केला असेल तर भिक्षूंनी आपसांत बसून तो माफ करून टाकण्याची सोय नाही.

चांद्यापासून सिरोंच्यापर्यंत गावोगावी आता विहार आहेत, विहारांच्या समित्या आहेत, समित्यांच्या जागा, देणग्या आणि इतिवृत्ताच्या वह्या आहेत. पोटजातीवरून सोयरीक मोडली, मातंग कुटुंबाला कार्यक्रमाचे बोलावणे गेले नाही, बाईने हिशेब विचारला, ही प्रकरणे त्या वह्यांत कशी लिहिली जातात, की लिहिलीच जात नाहीत, हे कोणत्याही कार्यकर्त्याला रविवारच्या एका सकाळी तपासून पाहता येईल.